आठव्या दिवशी पंधरा मिलीमीटर

‘‘ओव्हरी काढावी लागणार, मॅडम. गुरुवारी सकाळी पहिलीच केस घेतोय,’’ सर्जन फोनवर म्हणाले, आणि मी म्हणाले, ‘‘व्हेरी गुड.’’

एका सव्वीस वर्षांच्या मुलीचं उरलेलं एकुलतं एक अंडाशय काढणार, हे ऐकून ‘व्हेरी गुड’ म्हणणारी बाई कसली असेल, असं तुम्हाला वाटेल. सांगते. ती बाई तीस वर्षं हुबळीत सोनोग्राफी करते आहे. कोप्पीकर रोडला साड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर तिचं क्लिनिक आहे. उणकलहून स्कूटरवर येते, जिना चढताना दोनदा थांबते आणि आपल्याइतकं बारकाईनं बघणारं या गावात दुसरं कोणी नाही अशी तिची प्रामाणिक समजूत आहे. ते ‘व्हेरी गुड’ मी माझ्या रिपोर्टला म्हणाले होते. एवढा मोठा कॅन्सर सर्जन माझ्या कागदावर विसंबून ऑपरेशन ठरवतो, याचा मला आनंद झाला होता. लिहितानाही लाज वाटते, पण झाला होता.

‘‘रक्तातले कॅन्सर मार्करपण आलेत,’’ ते पुढं म्हणाले. ‘‘बीटा एचसीजी वाढलंय. तुमच्या फाइंडिंगशी बरोबर जुळतंय.’’

‘‘मला वाटलंच होतं,’’ मी म्हणाले. मला काहीही वाटलं नव्हतं.

ही गोष्ट सोमवारची. त्याच्या आधीच्या बुधवारी सुजाता माझ्याकडं आली होती. अळणावरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. घरी शेती, दोन म्हशी, नवरा मारुती हुबळीत वायरिंगची कामं करतो. बरोबर सासू होती, पार्वतक्का. उंच, काटक बाई, पदर डोक्यावर घट्ट. सुजाताच्या हातात पिवळी पडलेली जाड फाईल होती. तिच्या एकोणिसाव्या वर्षी डाव्या अंडाशयात कॅन्सरची गाठ निघाली होती. तरुण मुलींत दिसणारा, बीज तयार करणाऱ्या पेशींपासून होणारा हा प्रकार असतो. औषधाला तो चांगली दाद देतो. म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांनी फक्त डावं अंडाशय काढलं, उजवं ठेवलं, आणि केमोथेरपी दिली. केमोनंतर सात महिने पाळी बंद होती. मग सुरू झाली. सात वर्षं सगळं सुरळीत होतं. लग्न झालं, तेही सगळं सांगून.

‘‘लग्नाआधी आमी सगळं ऐकून घेतलंय,’’ पार्वतक्का मला म्हणाली होती. ‘‘आमच्या म्हशीचं एक आचळ चार वर्षं झालं सुकलंय. रेडकू उपाशी ऱ्हायलं काय?’’

सुजातानं मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. मला ही सासू आवडली. दहा दिवसांपासून सुजाताच्या उजव्या बाजूला ओटीपोटात दुखत होतं. फार नाही. पण सासूनं हट्टानं आणलं होतं.

आमच्या धंद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. शेवटची पाळी कधी आली? त्याला आम्ही एलएमपी म्हणतो. स्त्रीचं अंडाशय आणि गर्भाशय महिनाभर सारखं बदलत असतं. पाचव्या दिवशीचं चित्र वेगळं, विसाव्या दिवशीचं वेगळं. तारीख माहीत नसेल तर पडद्यावरच्या चित्राला अर्थ नाही. हे मी शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना दरवर्षी सांगते, तर्जनी वर करून.

‘‘गेल्या बुधवारी,’’ सुजाता म्हणाली. रिसेप्शनवरच्या शैलानं फॉर्मवर तेच लिहिलं. म्हणजे पाळीचा आठवा दिवस.

मी पार्वतक्कालाही आत येऊ दिलं. खरं तर आत एकट्या पेशंटलाच घ्यायचं असतं. पण ती बाई गमतीशीर बोलत होती, मला तिला म्हशीबद्दल आणखी विचारायचं होतं आणि सकाळपासून कंटाळा आला होता.

पोटावरून प्रोब फिरवला आणि माझा कंटाळा पळाला. उजव्या अंडाशयात साडेचार सेंटिमीटरची सिस्ट. सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी. अंडाशयात दर महिन्याला एक छोटी पिशवी तयार होतेच. तिच्यातूनच बीज बाहेर पडतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ही मात्र साधी नव्हती. आत जाळीसारखे धागे, भोवती रक्तप्रवाहाचं लालभडक कडं. असं चित्र आम्ही पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात पुष्कळदा बघतो. बीज बाहेर पडल्यावर रिकाम्या पिशवीत थोडं रक्त साचतं आणि ती जाळीदार दिसते. पाळी आली की ती ओसरते. पण इथं आठवा दिवस होता. आठव्या दिवशी ही एवढी ताजी, लाल कड्याची सिस्ट कुठून आली? आणि पेशंट कॅन्सरमधून उठलेली.

माझ्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी गर्भाशयाकडं वळले. मोजलं. बाहेर शैलाला सांगितलं, ‘‘यूटरस नॉर्मल. एंडोमेट्रियम फिफ्टीन मिलीमीटर.’’ तिनं टाईप केलं.

मग रिपोर्टचं शेवटचं वाक्य. सोनोग्राफीवाल्यांचं एक लाडकं वाक्य असतं: ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’. म्हणजे अमुक नाहीच असं सांगता येत नाही. हे वाक्य लिहिलं की आपण सुरक्षित. रोग निघाला तर ‘मी म्हटलं होतं’, नाही निघाला तर ‘मी कुठं खात्रीनं म्हटलं?’ मी हे वाक्य इतकं वापरते की शैलानं कीबोर्डवर त्याची शॉर्टकट करून ठेवली आहे. तीन अक्षरं दाबली की अख्खी ओळ उमटते. तिनं दाबली. ‘रिकरन्स कॅनॉट बी रूल्ड आउट.’ मी सही ठोकली. रिकरन्स म्हणजे रोग परत येणं.

त्या ओळीचं पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. मारुतीच्या चुलत्यानं, ते शाळेत मास्तर होते, रिपोर्ट घरी मोठ्यानं वाचला आणि भाषांतर केलं: ‘‘परत आलाय.’’ मी लिहिलं होतं, नाही असं म्हणता येत नाही. घरात पोचेपर्यंत त्याचं ‘आहे’ झालं. त्यात मास्तरांची काही चूक नाही. ज्यांच्या घरात एकदा कॅन्सर येऊन गेलाय ती माणसं ही ओळ दुसरी कशी वाचणार?

आता परत सोमवारच्या फोनकडं येते. माझं ‘मला वाटलंच होतं’ म्हणून झालं. सर्जन घाईत होते. ‘‘मॅडम, मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभाय. तुमचा रिपोर्ट जरा वाचून दाखवा. नोट सांगून ठेवतो.’’

मी कॉम्प्युटरवर रिपोर्ट उघडला. आवाज जरा भारदस्त केला. ‘‘एलएमपी, डे एट. यूटरस नॉर्मल इन साइज. एंडोमेट्रियम फिफ्टीन...’’

आणि थांबले.

‘‘फिफ्टीन काय?’’ ते म्हणाले.

‘‘मिलीमीटर,’’ मी म्हणाले, पण आवाजातला भारदस्तपणा गेला होता.

हे समजावून सांगते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला एंडोमेट्रियम म्हणतात. महिनाभर ते जाड होत जातं आणि पाळीत गळून पडतं. त्यामुळं पाळीच्या आठव्या दिवशी ते पातळ असतं, चार-पाच मिलीमीटर, फार तर सहा. पंधरा मिलीमीटर असतं ते पाळी येण्याआधी. किंवा पाळी येणारच नसेल तर. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे येतं. मी स्वतः त्यांना परीक्षेत हा प्रश्न विचारते आणि उत्तर चुकलं की चष्म्यावरून बघते.

म्हणजे माझ्या एकाच कागदावर, चार ओळींच्या अंतरानं, दोन गोष्टी लिहिल्या होत्या आणि त्या दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या. एक शैलानं फॉर्मवरून उतरवलेली तारीख. दुसरी माझ्या डोळ्यांनी बघितलेली, माझ्या हातानं मोजलेली जाडी. मी विश्वास कशावर ठेवला? फॉर्मवर.

‘‘डॉक्टर, मी तुम्हाला उद्या फोन करते,’’ मी म्हणाले.

‘‘काही प्रॉब्लेम?’’

‘‘एक मेजरमेंट परत बघायचंय.’’

‘‘मॅडम, बीटा एचसीजी वाढलंय. त्यात परत बघण्यासारखं काय?’’

त्यानंच माझी पाचावर धारण बसली. बीटा एचसीजी हे रसायन त्या जातीच्या गाठीतून रक्तात येऊ शकतं, म्हणून सर्जन ते मोजतात. पण ते आणखी एका ठिकाणाहून येतं, आणि फार जास्त वेळा येतं. मेडिकलच्या दुकानात मिळणारी गरोदरपणाची कार्ड टेस्ट हेच रसायन शोधते. तारीख खोटी असेल, अस्तर जाड असेल, हे रसायन वाढलं असेल आणि अंडाशयात लाल कड्याची ताजी पिशवी असेल, तर या चार गोष्टींची बेरीज कॅन्सर होत नाही.

होऊही शकते. तेही खरं होतं. त्यामुळं मी कोणाला काही बोलले नाही. मारुतीला फोन केला. ‘‘मशीनमध्ये जरा प्रॉब्लेम होता. उद्या सकाळी परत बघायचंय. दोघींना पाठवा.’’ मशीनचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्यानं पंधरा दाखवले होते. मालकिणीनं अक्कल गहाण ठेवली होती.

मंगळवारी दोघी पहिल्या बसनं आल्या. सुजाताचा चेहरा आठवड्यात निम्मा झाला होता. पार्वतक्का आत यायला निघाली तेव्हा मी म्हणाले, ‘‘अक्का, आज खालून तपासायचंय. तुम्ही बाहेर बसा. शैला चहा देईल.’’

‘‘तिचा हात धरायला कोण?’’

‘‘मी धरते.’’

ती बाहेर बसली. मी दार लावलं. स्टूल ओढून सुजाताच्या समोर बसले. तीस वर्षांत मी फार थोड्या पेशंटसमोर बसले असेन. आम्ही पडद्याकडं तोंड करून बसणारी माणसं.

‘‘सुजाता, पाळी कधी आली होती?’’

‘‘गेल्याच्या गेल्या बुधवारी.’’

‘‘खरी?’’

तिनं दाराकडं बघितलं आणि एकदम कन्नडमध्ये म्हणाली, ‘‘अत्तिगे हेळबॅडरी.’’ अत्ती म्हणजे सासू; सासूला सांगू नका. तिच्या सासूशी ती मराठीत बोलते, माझ्याशीही मराठीतच बोलत होती. पण हे वाक्य दाराबाहेर समजू नये असं तिला वाटलं असावं. दाराबाहेर पार्वतक्काला कन्नड तिच्याहून चांगलं येत होतं. ते आम्हा दोघींनाही त्या क्षणी सुचलं नाही.

‘‘नाही सांगत. बोल.’’

‘‘आली न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘मी खोटंच बाहेर बसलो.’’

आमच्या भागात बायकाही ‘मी बसलो, मी आलो’ म्हणतात. तिच्या घरी अजून पाळीचे चार दिवस बाई बाहेरच्या खोलीत बसते. स्वयंपाकघरात जात नाही, देवाला शिवत नाही. त्यामुळं घरातल्या सुनेची पाळी ही तिची एकटीची गोष्ट राहत नाही. सगळ्या घराला तारीख पाठ असते. स्वयंपाकघरात कॅलेंडर, त्यावर सासूनं पेन्सिलीनं केलेला ठिपका.

‘‘का बसलीस खोटं?’’

‘‘मागच्या वर्षी बारा दिवस उशीर झाला होता. अत्ती लई खूश झाली. बोलली काही न्हाई, पण मला पाण्याची घागर उचलू देईना. दूध मला जास्त ओतायची. मग बाराव्या दिवशी आली पाळी. मी बाहेर बसलो. अत्ती आत दोन दिवस जेवली न्हाई. तिला वाटलं मला कळलं न्हाई. पण भिंत पातळ हाय, सगळं आयकू येतं.’’ तिनं नाक पुसलं. ‘‘या बारीला परत तारखेला आली न्हाई. म्हटलं आता परत तिला तसं नको. त्याच दिवशी गुपचूप जाऊन बसलो बाहेर.’’

‘‘टेस्ट करायची होतीस, कार्डवर.’’

‘‘मेडिकल आमच्या भावकीतलंच हाय. कार्ड घेतलं की दुपारपातूर गाव विचारतंय.’’ मग हळूच म्हणाली, ‘‘आणि मला भ्या वाटलं. इंजेक्शनं घेतली तेव्हा अशीच बंद झाली होती. म्हटलं उरलेलं पण संपलं. ते कार्डावर बघायचं कशाला?’’

मी म्हणाले, ‘‘बघूया.’’

‘‘मॅडम, अत्ती म्हणते काढून टाक म्हणून. जीव ऱ्हाऊ दे, पोर-बीर मागनं. मारुतीपण तेच म्हणतो. मला काढायचं न्हाई.’’ ती आता रडत होती. ‘‘एकच हाय की ओ.’’

मी प्रोब हातात घेतला. खालून तपासताना गर्भाशय अगदी जवळून दिसतं, पोटावरून दिसत नाही तेवढं. गर्भाशयाच्या जाड अस्तरात एक छोटी काळी पिशवी होती. तिच्यात आणखी एक पांढरं कडं, अंगठीच्या खड्याएवढं. आणि त्या कड्याला चिकटून काहीतरी बारीक फडफडत होतं.

मी बराच वेळ बघत राहिले. सिस्टही परत बघितली. आता ती अगदी ओळखीची वाटली. बीज बाहेर पडल्यावर उरते तीच पिशवी. गर्भ राहिला की ती ओसरत नाही, पहिले दोन-अडीच महिने तीच गर्भाला सांभाळते. गुरुवारी ती काढली असती तर बहुतेक गर्भही गेला असता. अंडाशयही गेलं असतं. आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला असता की गाठ साधी होती.

‘‘काय हाय?’’ सुजाता म्हणाली. मी पडदा तिच्याकडं वळवला.

‘‘हे बघ. इथं फडफडतंय ना? ते बाळाचं हृदय.’’

तिनं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत पडद्याकडं. ‘‘माझ्यात?’’ ती म्हणाली.

‘‘मग काय माझ्यात?’’ मी म्हणाले, आणि मग मलाच रडू आलं. तीस वर्षांत मी हजारो हृदयं दाखवली असतील. त्यातल्या कुठल्याच हृदयावर सुरी फिरवायची शिफारस मी आधीच्या आठवड्यात केली नव्हती.

सर्जनना तिथूनच फोन लावला.

‘‘गुरुवारचं कॅन्सल करा.’’

‘‘का?’’

‘‘ती प्रेग्नंट आहे. सहा आठवडे. हार्टबीट दिसतोय. ती सिस्ट कॉर्पस ल्युटियम आहे.’’ म्हणजे तीच ती पिशवी.

‘‘हौदा? खरंच? पण तुमच्या रिपोर्टमध्ये डे एट...’’

‘‘तो रिपोर्ट फाडा.’’

‘‘मॅडम, पंधरा मिलीमीटर तुम्हीच लिहिलं होतं का?’’

‘‘मीच.’’

‘‘मीपण वाचलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘मी खालची शेवटची ओळ आधी वाचली. मग वरचं नुसतं चाळलं.’’

मोठ्या मनाचा माणूस. दुसऱ्या कोणी मला तोंड वर काढू दिलं नसतं. आम्ही ठरवलं की अंडाशयाला हात लावायचा नाही, दर तीन आठवड्यांनी बघायचं. सिस्ट वाढली तरच विचार करायचा. कॅन्सर नाहीच असं त्या दिवशी कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं, मीही नाही. पण घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

आता बाहेर बसलेल्या सासूला सांगायचं होतं. सुजातानं मला बजावलं, ‘‘खोटं बसलो ते सांगू नका.’’ मी तिला सांगितलं, ते माझ्यावर सोड.

बाहेर आले. पार्वतक्कानं चहाला हात लावला नव्हता. कप भरलेला, साय धरलेला. मी तिच्या शेजारी बाकावर बसले.

‘‘अक्का, आमच्याकडून चूक झाली. तारीख लिहिताना घोटाळा झाला. रोग परत आलाय असं नाही. सुजाताला दिवस गेलेत.’’

मला वाटलं ती ओरडणार. ओरडायचा तिला हक्क होता. मी तिच्या सुनेला सहा दिवस मरणाच्या दारात बसवलं होतं.

‘‘गाठ?’’ तिनं विचारलं.

‘‘बाळासाठीच झालेली आहे, असं दिसतंय. जाईल आपोआप. लक्ष ठेवू.’’

‘‘काढायचं न्हाई?’’

‘‘नाही.’’

मग ती पदर तोंडाला लावून रडली. बाजूच्या बाकावरची माणसं बघायला लागली. तेवढ्यात शैलानं पाणी आणलं. पार्वतक्का घटाघटा प्यायली आणि तोंड पुसून मला म्हणाली, ‘‘तारीख तुमची चुकली न्हाई, बाई. तारीख तिनंच खोटी सांगितली.’’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

‘‘चार दिवस बाहेर बसली ती,’’ ती हळू म्हणाली. ‘‘आमच्याकडं पाळीचं कापड, पॅड सगळं परसात नेऊन जाळायचं असतंय. चार दिवसांत एकदा पण धूर दिसला न्हाई. मी काय आंधळी हाय? पहिल्या दिवशीच कळलं. हे मला दाखवायला चाललंय.’’

‘‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’’

‘‘काय बोलू? पोरगी माझ्यासाठी बसली होती, मला दुःख नको म्हणून. मी बोललो असतो तर तिला काय वाटलं असतं? पण मला भ्या वाटलं. इंजेक्शनांच्या वक्ताला पाळी अशीच गेली होती. म्हटलं दुखणं परत आलं. म्हणून तर तुमच्याकडं घेऊन आलो, पोटात दुखायचं निमित्त करून.’’

सून सासूपासून लपवत होती. सासू सुनेपासून लपवत होती. दोघींना भीती तीच होती, पाळी गेली म्हणजे सगळं संपलं. आणि त्या दोघींच्या मधोमध लाखो रुपयांच्या मशीनसमोर खुर्चीवर बसलेली एक डॉक्टरीण, तिला मात्र सगळं आठव्या दिवसाचं दिसत होतं.

‘‘अक्का, बुधवारी तुम्ही आतच होता. तेव्हा तरी मला सांगायचं.’’

‘‘तिच्यासमोर?’’

‘‘बाहेर येऊन.’’

‘‘तुमी कुठं विचारलासा मला?’’ ती म्हणाली. ‘‘तुमी तिला विचारलासा. मग त्या यंत्राला विचारलासा. मला म्हशीबद्दल विचारलासा.’’

तिनं चहाची साय बोटानं बाजूला केली आणि तो गार चहा पिऊन टाकला.

पुढचे तीन महिने धाकधुकीत गेले, त्यांच्याहून माझे जास्त. दर तीन आठवड्यांनी दोघी यायच्या. मी सिस्ट मोजायची. साडेचार, मग चार, मग अडीच. चौथ्या वेळी ती दिसलीच नाही. उजवं अंडाशय आपल्या जागी, लहान, निवांत. मी दहा मिनिटं शोधत राहिले, तेव्हा सुजाता म्हणाली, ‘‘काय हरवलं काय?’’ बाकीचे मार्कर सर्जननी सांभाळून वाचले, कारण गरोदरपणात त्यातले काही आपोआप वाढतात. या वेळी आम्ही दोघांनी एकमेकांना दोनदा विचारून मगच काय ते म्हटलं.

बाळंतपण धारवाडला झालं. मला फोन पार्वतक्कानं केला.

‘‘झाली बाळंत. दोघं बरी हायत.’’

‘‘वा! वजन?’’

‘‘पावणेतीन.’’

‘‘रडलं लगेच?’’

‘‘रडलं. काय झालं ते विचारलं न्हाईसा?’’

‘‘आमच्या धंद्यात ते विचारायचं नसतं, अक्का. भिंतीवर बोर्ड आहे माझ्या.’’

‘‘आता बाहेर आलंय की ओ. विचारा.’’

‘‘काय झालं?’’

‘‘पोरगी,’’ ती म्हणाली. ‘‘म्हटलं चांगलं झालं. सुनेला बोलायला कोणीतरी. माझ्याशी तर ती खरं बोलत न्हाई.’’ आणि फोनवर मोठ्यानं हसली. मागून सुजाताचा आवाज आला, ‘‘अत्ती, फोन ठेवा.’’

सुजाता आता दर सहा महिन्यांनी तपासणीला येते. ते तिला बरीच वर्षं करावं लागेल. पोरगी सासूच्या कडेवर असते. मी सुजाताला आत एकटीला घेते, दार लावते, समोर स्टुलावर बसते आणि तारीख विचारते. ती सांगते. मग मी दार उघडून बाहेर जाते आणि पार्वतक्कालाही तोच प्रश्न विचारते. ती कडेवरच्या पोरीला सावरत विचार करते आणि सांगते. दोन्ही तारखा जुळल्या की मी हात धुते आणि मशीन चालू करते.

मागच्या खेपेला तारखा जुळल्या नाहीत: सुजाता म्हणाली गेल्या आठवड्यात, पार्वतक्का म्हणाली, ‘‘दोन महिनं झालं, धूर न्हाई.’’ मी परत आत गेले. सुजाता खाली बघत हसत होती.